चार्जिंगचा आकडा बरोबर, तरी पहाटे बॅटरी उतरलेली : जुन्या ट्रकचे निदान

तुमच्या प्रश्नातली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. 1998 सालचा, सहा चाकी, 24 व्होल्टचा तुमचा ट्रक सासवडहून दिवे घाट उतरून पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीपाला आणतो. रात्री दहा-साडेदहाला गाडी लावली की पहाटे सेल्फ फिरत नाही आणि आठवड्यातून दोनदा तरी शेजारच्या गाडीची केबल लावावी लागते. दीड वर्षात अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) दोनदा बदलला, बॅटऱ्यांची जोडी एकदा बदलली. गॅरेजवाल्याने मीटर लावून 28.2 व्होल्ट दाखवले आणि चार्जिंग उत्तम आहे, बॅटरीच खराब निघाली असे सांगितले; बॅटरीवाल्याने बॅटरी ठीक आहे, गाडीत लीकेज आहे असे सांगून हात वर केले. गाडी चालू असतानाही हेडलाइट पिवळट वाटतात. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की दोन बॅटऱ्यांपैकी एकीला दर आठ-दहा दिवसांनी पाणी घालावे लागते, दुसरीला मात्र दोन-दोन महिने लागत नाही.

तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे शेवटचेच आहे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकच्या वायरिंगचे काम करता करता मला तीस वर्षे होत आली, आणि माझा अनुभव असा की गाडीवाला ज्या तक्रारीसाठी येतो ती परिणामाची असते, कारणाची खूण तो निघता निघता सांगतो. त्या वाक्याकडे मी येणारच आहे, पण मोजमापाचा क्रम मोडून नाही. कारण तुमच्या गाडीत मला एक नव्हे, दोन दोष दिसतात, आणि एकाचा पडदा दुसऱ्यावर पडल्यामुळेच दोन अल्टरनेटर विनाकारण बदलले गेले असावेत.

लागणारे साहित्य फार नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, बॅटरीच्या पाण्याची घनता पाहणारा काचेचा हायड्रोमीटर, आणि जमल्यास डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसीचा आहे याची खात्री करून घ्या. घरगुती वायरिंगवाले वापरतात त्यांतले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या केबलवर लावले की निर्विकारपणे शून्य दाखवतात. कामाला लागण्यापूर्वी हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची केबल सोडायची वेळ आली तर अर्थची, म्हणजे चॅसिसला जाणारी निगेटिव्ह, आधी सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून चॅसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा तोंडात विडी धरून झाकणे उघडणाऱ्या क्लीनरला आधी लांब पाठवा.

पहिले मोजमाप पहाटेचे, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचे, सेल्फला हात लावण्यापूर्वीचे. गाडी नुकतीच बंद केली असेल तर बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटा दिलासा देतो. म्हणून रात्रभराची विश्रांती हवी. दोन्ही बॅटऱ्या मिळून 25.2 ते 25.4 व्होल्ट आले तर त्या भरलेल्या आहेत, 24.4 च्या आसपास असतील तर साधारण अर्ध्या, आणि 24 च्या खाली असतील तर जवळजवळ रिकाम्या. पण तुम्ही नुसती बेरीज मोजू नका. प्रत्येक बॅटरीच्या स्वतःच्या दोन खांबांवर मीटर लावून दोन वेगळे आकडे कागदावर लिहा. एक 12.7 आणि दुसरी 11.8 असेल तर बेरीज 24.5 येते, आणि ती पाहणारा म्हणतो की बॅटऱ्या जरा उतरल्या आहेत एवढेच. प्रत्यक्षात एक बॅटरी ठणठणीत असते आणि दुसरी मरणपंथाला लागलेली असते. गॅरेजमध्ये हे दोन आकडे वेगळे कोणी घेत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्यानंतर हायड्रोमीटर. भरलेल्या बॅटरीच्या पाण्याची घनता आपल्याकडच्या हवेत 1.240 ते 1.260 च्या दरम्यान येते, 1.200 च्या खाली गेली की निम्म्याच्या आसपास उतरली असे समजावे. एकाच बॅटरीच्या सहा घरांमध्ये (सेलमध्ये) 0.050 पेक्षा जास्त फरक असेल तर सर्वांत कमी घनतेचे घर गेलेले आहे आणि त्या बॅटरीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. सहाही घरे सारखीच खाली असतील तर मात्र बॅटरी खराब नसते, उपाशी असते, आणि उपाशी बॅटरीचा दोष बॅटरीत शोधू नये. पाणी नुकतेच घातले असेल तर घनता पाहू नका. ते मिसळायला गाडी काही तास चालावी लागते.

आता सेल्फ मारताना मीटर बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर धरा. इंजिन फिरत असताना व्होल्टेज 19 च्या खाली जाऊ नये. खाली गेले तर बॅटरीत ताकद नाही किंवा सेल्फच जास्त ओढतो आहे. व्होल्टेज 23 वर टिकून आहे आणि तरी सेल्फ कण्हत फिरतो, असे असेल तर ताकद बॅटरीत आहे पण ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे केबल, मेन स्विच किंवा अर्थिंग पाहावे लागेल. या एका मोजमापाने अर्धा वाद मिटतो.

मग इंजिन चालू करून आयडलिंगच्या थोडे वर, साधारण 1,200 ते 1,500 आरपीएमवर ठेवा. सगळे दिवे बंद असताना बॅटरीच्या खांबांवर 27.5 ते 28.5 व्होल्ट यायला हवेत. 27 च्या खाली कमी आणि 29 च्या वर जास्त. इथे तुमच्या गॅरेजवाल्याला विचारण्यासारखा प्रश्न असा की त्याने दाखवलेले 28.2 कुठे मोजले होते? मीटरचा लाल प्रोब अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळा अल्टरनेटरच्याच बॉडीवर लावून घेतलेला आकडा अल्टरनेटरची तब्येत सांगतो, बॅटरीला काय मिळते ते सांगत नाही. विहिरीवरच्या पंपाचा दाब चांगला आहे म्हणून शेताच्या टोकाला पाणी पोहोचलेच असे होत नाही. मधल्या पाइपाची अवस्था पाहावी लागते.

जुन्या ट्रकमध्ये खरी चोरी होते ती या मधल्या पाइपात, आणि ती पकडायची रीत फार सोपी असूनही क्वचितच कोणी वापरते. इंजिन त्याच वेगावर ठेवा, हेडलाइट, पार्किंग, वायपर, ब्लोअर, जे असेल ते सगळे चालू करा. करंट वाहत नसेल तर दोष दिसतच नाही, म्हणून भार हवाच. आता मीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर आणि दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, खांबाच्या शिशावर, टेकवा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत खर्च होत आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर वाट तुकड्यातुकड्याने तपासायची: बोल्ट ते थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा डोळा), थिंबल ते सेल्फवरचा जोड, तिथून मेन स्विच, मेन स्विचच्या अलीकडून पलीकडे, शेवटी बॅटरीचा क्लॅम्प. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो तिथे दोष. जुन्या काही गाड्यांत डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असतो आणि चार्जिंगचा सगळा करंट त्याच्या मागच्या दोन नटांतून जातो. ते नट वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी ढिले होतात, तिथली वायर काळी पडते आणि पुढे आगीचेही निमित्त होते.

याच पद्धतीने निगेटिव्हची बाजू: एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. इथे 0.3 व्होल्टच्या वर गेले तर मला चैन पडत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हीच परतीची वाट असते. ती तुटली, किंवा गाडी रंगवताना पेंटरने तिच्या खाली रंगाचा थर दिला, की करंट मिळेल त्या मार्गाने परत येतो. ॲक्सिलरेटरची केबल गरम होऊन तिच्या आवरणातून धूर निघालेला मी दोनदा पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा गाडीवाला केबल बदलून बदलून थकला होता.

हा दोष किती मोठा असतो याचा एक हिशेब. बोल्टवर 28.3 आहेत, बॅटरीवर 26.9, म्हणजे 1.4 व्होल्ट वाटेत गेले. त्या वेळी 20 अँपिअर वाहत असतील तर वाटेत 28 वॉट उष्णता तयार होत आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचा लहान सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच ताकदीचा असतो, आणि तुमच्या गाडीत तो एका गंजलेल्या थिंबलच्या पोटात गाडी चालते तेवढा वेळ चालू असतो. थिंबलला हात लावताच चटका बसतो, आणि तो चटका मीटरइतकाच खात्रीचा असतो. दुसरीकडे ज्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) स्वतःच्याच बोल्टवरचे व्होल्टेज पाहून काम करतो, त्याच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. तो 28.3 पाहतो आणि हात आखडता घेतो, बॅटरी 26.9 वर अर्धपोटी राहते. अशा गाडीत तुम्ही दहा नवे अल्टरनेटर बसवले तरी दहाही हेच करतील. ज्यांत व्होल्टेज पाहण्याची वेगळी बारीक वायर थेट बॅटरीकडून येते, त्यांत उलटे घडते: ती बारीक वायर गंजली की रेग्युलेटरला कमी दिसते, तो ढोसत राहतो, आणि मग दोन्ही बॅटऱ्या उकळतात.

हेडलाइट पिवळट दिसण्याचे कारण हेच असेल असे मात्र गृहीत धरू नका. जुन्या ट्रकमध्ये हेडलाइटचा सगळा करंट अनेकदा रिलेशिवाय (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच म्हणजे रिले) डॅशच्या स्विचमधून जातो, आणि स्विचच्या आतले पितळी पान जळालेले असते. बल्बच्या पिनेवर मीटर लावून पाहा. बॅटरीवर 27.8 आणि बल्बवर 24 असेल तर चार्जिंगचा त्यात काही संबंध नाही. दोन रिले बसवा, काम झाले.

आता ते शेवटचे वाक्य. 24 व्होल्टच्या गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. एकीचे निगेटिव्ह चॅसिसला जाते, तिला आपण खालची म्हणू. दुसरीचे पॉझिटिव्ह गाडीला जाते, ती वरची. आणि दोघींच्या मध्ये जोडपट्टी असते. नियमाने जे काही चालायचे ते 24 वर चालायला हवे. पण केबिनमधला टेप, छोटा पंखा, मोबाइलचा चार्जर, देव्हाऱ्यावरची रंगीत दिव्यांची माळ, हे सगळे बाजारात 12 व्होल्टचे स्वस्त मिळते. मग कोणीतरी हुशारी करतो आणि मधल्या जोडपट्टीवरून एक वायर काढतो. टेप सुरू होतो, गाणी लागतात, सगळे खूश. तुमच्याही गाडीत अशी वायर असण्याची शक्यता मला फार दाट वाटते, कारण एका बॅटरीचे पाणी उडणे आणि दुसरीचे जागच्या जागी राहणे याचा दुसरा सरळ अर्थ फारसा नाही.

ही वायर काय करते ते नीट समजून घ्या. तुम्ही रात्री यार्डात केबिनमध्ये झोपता, पंखा आणि चार्जर मिळून 3 अँपिअर घेतात असे धरा. सात तासांत खालच्या बॅटरीतून 21 अँपिअर-तास गेले, वरच्या बॅटरीतून काहीच नाही. सकाळी गाडी सुरू झाली की अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो; त्याला दोघी वेगळ्या दिसत नाहीत, त्याला फक्त बेरीज दिसते. वरची लवकर भरते आणि भरलेली बॅटरी करंट घेईनाशी होते, फार तर 2 अँपिअर जाऊ देते. ते 2 अँपिअर मधल्या जोडपट्टीवर येतात, आणि तिथून टेप व पंखा 3 अँपिअर ओढत असतात. म्हणजे खालच्या बॅटरीला मिळायचे दूरच, तीच आणखी 1 अँपिअर देत राहते. गाडी चालू, चार्जिंगचा दिवा विझलेला, मीटरवर 28.2, आणि तरी एक बॅटरी उतरत चाललेली. वरची मात्र रोज गरजेपेक्षा जास्त खाते, तिचे पाणी फुटून वायू होऊन उडते, आणि तुम्ही त्यात डिस्टिल्ड पाणी ओतत राहता.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. बॅटरीच्या पेटीचे झाकण उघडले तर एका बॅटरीवर ॲसिडचा ओलसर थर, खांबावर निळसर-पांढऱ्या बुरशीसारखा फुलोरा आणि नाकाला झोंबणारा वास. शेजारची कोरडी, धुळीने माखलेली. इंजिन चालू ठेवून दोन्हींवर मीटर लावला. बेरीज 28.2, अगदी पुस्तकातली. ओल्या बॅटरीवर 15.5, कोरड्या बॅटरीवर 12.7. मधल्या जोडपट्टीच्या बोल्टखाली एक तांबडी बारीक वायर दाबून बसवलेली होती, तिच्यावर फ्यूज नव्हता, आणि ती चॅसिसच्या खाचेतून केबिनमध्ये गेली होती. मालकाला विचारले तर म्हणाला, "ती होय, ती टेपची, तिचा काही त्रास नाही." वायर सोडली, दोन्ही बॅटऱ्या सुट्या काढून 12 व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या पूर्ण भरल्या, आणि 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवून टेप-पंखा त्यावर दिला. त्या गाडीचा अल्टरनेटर मी उघडलासुद्धा नाही.

तुम्हीही हेच करा. पेटी उघडून मधल्या जोडपट्टीवर जाड केबलशिवाय दुसरे काही आहे का ते पाहा, असेल तर सोडा, आणि इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळे मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. काही जण उपाय म्हणून दर महिन्याला दोन बॅटऱ्यांच्या जागा आलटून पालटून बदलतात. त्याने दोघी सारख्या वेगाने खराब होतात, एवढाच फायदा. कन्व्हर्टरच घ्या, तुमच्या 12 व्होल्टच्या भाराच्या दीडपट क्षमतेचा, आणि त्याच्या 24 च्या बाजूला बॅटरीजवळच फ्यूज ठेवा. जोडीतली एकच बॅटरी नवी घालण्याचा मोहही टाळा. नवी आणि जुनी यांची भूक वेगळी असते, आणि तीच असमानता पुन्हा सुरू होते.

एवढे करूनही पहाटे बॅटरी उतरलेलीच आढळली, तर मग बॅटरीवाल्याने सांगितलेले लीकेज पाहायचे. गाडी बंद, किल्ली काढलेली, दारे लावलेली. निगेटिव्ह केबल सोडून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा, आणि या अवस्थेत सेल्फ मात्र चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज तरी जाईल किंवा मीटर तरी. 1998 च्या ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक डबे नाहीत, त्यामुळे तिथे जवळजवळ शून्य यायला हवे. ट्रॅकर बसवला असेल तर थोडे मिलिअँपिअर समजू शकतो. 50 मिलिअँपिअरने एका रात्रीत बॅटरी उतरत नाही, बारा तासांत अर्ध्या अँपिअर-तासाहून किंचित जास्त जाते. 1 अँपिअर असेल तर मात्र शोध घ्या. एकेक फ्यूज काढून पाहा, आणि फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडून पाहा; तिच्यावर फ्यूज नसतो आणि ती थेट बॅटरीला जोडलेली असते. ती सोडल्यावर गळती थांबली तर अल्टरनेटरच्या आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट आहे. याची बिनमीटरची खूण म्हणजे पहाटे थंडगार इंजिनावर अल्टरनेटरला हात लावावा. तो कोमट लागला तर रात्रभर बॅटरी त्याच्यात रिकामी होत होती. किल्ली काढल्यावरही चार्जिंगचा दिवा अंधुक जळत राहणे हीही त्याच डायोडची खूण.

या चार्जिंगच्या दिव्याला लोक नुसती सूचना समजतात, पण जुन्या अल्टरनेटरमध्ये तो कामाचा भाग आहे. किल्ली फिरवली की बॅटरीचा थोडासा करंट त्या बल्बमधून रोटरच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, गुंडाळीत जातो, तिथे पहिले चुंबकत्व तयार होते आणि मग अल्टरनेटर स्वतःच्या पायावर उभा राहतो. किल्ली फिरवून, इंजिन बंद असताना दिवा लागलाच नाही तर बल्ब, त्याची वायर, कार्बन ब्रश किंवा रोटर यांतले काहीतरी तुटले आहे. अशी गाडी एकदा जोरात रेस दिली की चार्ज करू लागते आणि दिवसभर ठीक चालते, म्हणून दोष लपून राहतो. अलीकडे याला एक नवे कारण जोडले गेले आहे: डॅशबोर्ड सजवताना सगळे बल्ब काढून एलईडी लावले जातात. मूळचा 3 वॉटचा बल्ब 24 व्होल्टवर 125 मिलिअँपिअर जाऊ देतो, एलईडी त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाइतकाही जाऊ देत नाही, आणि अल्टरनेटर जागा होत नाही. त्या एका खोबणीत साधा बल्बच राहू द्या. इंजिन चालू असताना दिवा पूर्ण न विझता मंद जळत राहिला तर बहुधा एखादा डायोड गेलेला असतो. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून भारासह आउटपुट बोल्टवर पाहिले तर एक व्होल्टच्या आसपास किंवा वर एसी दिसते, निरोगी अल्टरनेटरमध्ये ती अगदी किरकोळ असते.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबले तर 10 ते 12 मिलिमीटर खाली जावा. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या दोन भिंतींवर चालतो, तळावर नव्हे. झिजून तळाला टेकलेला आणि कडांनी काचेसारखा चकाकणारा पट्टा कितीही ताणला तरी घसरतोच, आणि जास्त ताणला की अल्टरनेटरचे बेअरिंग जाते. रात्री हेडलाइट लावून रेस दिल्यावर किंकाळी ऐकू आली तर दोष पट्ट्यात आहे.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले तरच अल्टरनेटर उतरवा. बऱ्याचदा फक्त कार्बन ब्रश झिजलेले असतात. बाहेर डोकावणारी लांबी 5 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदलावेत. ब्रशचा सेट नाना पेठेत सहज मिळतो आणि त्यासाठी पूर्ण अल्टरनेटर बदलण्याची गरज नसते. रोटरच्या दोन तांब्याच्या रिंगांमधला रेझिस्टन्स 24 व्होल्टच्या अल्टरनेटरमध्ये साधारण 8 ते 12 ओहम येतो. अनंत दाखवला तर गुंडाळी तुटली, फारच कमी असेल तर आत शॉर्ट आहे, आणि असा रोटर नवा रेग्युलेटरसुद्धा जाळतो. रिंग आणि लोखंडी शाफ्ट यांच्यात मात्र अजिबात जोड दिसता कामा नये. डायोड सुटा करून मीटरच्या डायोड खुणेवर एका दिशेने 0.4 ते 0.7 आणि उलट दिशेने काहीच नाही, एवढे पाहिले की पुरते. हलक्या डिझेल ट्रकमध्ये अल्टरनेटरच्या शेपटीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनचे ऑइल जाते; तिथले सील गेले की ब्रशवर ऑइल येते, म्हणून अशा गाडीत ब्रशबरोबर सीलही बदलावे. तुमची गाडी एअर ब्रेकची असणार, तुम्हाला ही काळजी नाही.

दोन अल्टरनेटर गेले कसे, याचीही चौकशी करा, कारण पहिला कदाचित खरोखर जळाला असेल. हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीच्या केबल आणि अल्टरनेटरची वायर सोडली होती का? बहुतेक वेळा नसते सोडलेली, आणि वेल्डिंगचा करंट चॅसिसमधून फिरताना डायोड फोडून जातो. दुसरी सवय याहून वाईट. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल ओढून काढायची आणि गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक, ही परीक्षा जुने मिस्त्री अजून घेतात. ती अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनॅमो आणि कटआउटच्या काळातली आहे. तेव्हा तिने फारसे बिघडत नसे. अल्टरनेटरवरचा भार असा अचानक तुटला की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर तिथेच संपतो. म्हणजे ठीक असलेला अल्टरनेटर परीक्षेत नापास होत नाही, परीक्षेने मरतो. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मीही हे उस्तादांसमोर मोठ्या ऐटीत करून दाखवले होते, आणि त्या अल्टरनेटरचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले.

शेवटी भाराचा विचार. अल्टरनेटरच्या पाटीवर 45 अँपिअर लिहिलेले असले तरी आयडलिंगला तो त्याच्या निम्मेही देईल याची खात्री नसते. यार्डाच्या फाटकाबाहेरच्या रांगेत तासभर हेडलाइट, वाढीव फोकस आणि ब्लोअर लावून गाडी आयडलिंगवर उभी राहिली तर बॅटरीतून जातच राहते, आणि लगेच गाडी लावून तुम्ही झोपता. रांगेत फक्त पार्किंग ठेवा.

प्रथम मधली वायर पाहा, नंतर भारासह दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत खर्च होणारे व्होल्ट. पहाटेचे दोन बॅटऱ्यांचे वेगवेगळे आकडे, चालू इंजिनावरचे तसेच दोन, आणि ड्रॉपचे दोन, असे सहा आकडे मला कळवा. तोपर्यंत तिसरा अल्टरनेटर घेऊ नका, आणि मागचा काढलेला भंगारात दिला नसेल तर तो सांभाळून ठेवा, त्यात दोष नसण्याचीच शक्यता जास्त आहे.